समुद्राकडची खिडकी

४ मार्च, मंगळवार

खोली मिळाली! हाकोदातेला, बंदराजवळच्या एका छोट्या विश्रामगृहात. दोन रात्री. एकटीसाठी. ऑफिसात मोबाइल बंद ठेवावा लागतो म्हणून घरचा नंबर देऊन टाकला.

आईला सांगितलं, "सेंदाईला ऑफिसचं शिबिर आहे." एक्याऐंशी वर्षांच्या बाईला तोंडावर धडधडीत खोटं! ती म्हणाली, "बरं. थंडी असेल, जाड मोजे ने." त्या दोन रात्री ती वृद्धांच्या केंद्रात राहील. तिथलं मिसो सूप पाणचट असतं म्हणून तिला तिथं आवडत नाही.

६ मार्च

जेवणाच्या सुट्टीत नकाशा पाहिला. ओमियाहून सकाळची गाडी, चार तासांत तिथं. मग ट्राम. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बाजारात गरम भातावर ताजं माकूळ. आणि तो समुद्रापर्यंत सरळ उतरणारा रस्ता – त्याच उतारावर आईची शाळा होती. लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की डोळे मिटून चालता येईल. आजी गेल्यापासून आई तिकडे फिरकलेली नाही.

मग तिला का नेत नाही? लिहूनच टाकते. सहा वर्षं मी तिच्या पावलानं चालतेय. दर पन्नास पावलांवर बाक शोधा, दर स्टेशनात लिफ्ट शोधा. मला दोन दिवस भराभर चालायचंय, बस. तिच्याच गावात, तिच्याशिवाय. शी!

७ मार्च

सेंदाईहून हात हलवत कशी येणार? तिथले हिरव्या सोयाबीनच्या वाटणाचे मोची, म्हणजे तांदळाचे ते मऊ गोळे, आपल्या ओमिया स्टेशनातच मिळतात. उतरल्यावर तेच घेईन. खोटं बोलायचं तर पक्कं बोलावं!

९ मार्च, रविवार

आई जिना चढत-उतरत होती. कठडा धरून, तीनदा.

"हे काय चाललंय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांकडे तिला मीच नेते. असं काही सांगितलेलं नाही.

१२ मार्च

कचरा ठेवायला गेले तर शेजारच्या नोगुचीकाकूंनी गाठलं. हातात गुडघ्यांना बांधायच्या लोकरी पट्ट्या, स्वतः विणलेल्या. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं हे त्या अजून पाळतात.

"घे, आईसाठी. हाकोदातेचा वारा हाडात शिरतो म्हणे."

मी गारच पडले.

"अगं घाबरू नकोस, मी कुणाला बोलत नाही! तीच म्हणाली – चिझुरु मला गुपचूप माहेरी नेतेय, तिथून फोन आला म्हणून कळलं. मला काही माहीतच नाही असं दाखवतेय, म्हणाली. नशीब काढलं हो तुझ्या आईनं! आमचा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायचा नाही मला."

म्हणजे विश्रामगृहाचा फोन आईनं घेतला. म्हणून तो जिना! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. काकूंसमोर वाकून वाकून आभार मानले. कशाचे? माझ्या खोटेपणाचे!

आता परत येताना काकूंसाठी काहीतरी आणणं आलंच. तेही हाकोदातेचं. सेंदाईचे मोची त्यांच्या गळी कसे उतरवणार?

१३ मार्च

ठरलं. आईला नेणार. आणि हे लिहितानाही मनातून चिडले आहे – माझे दोन दिवस गेले म्हणून! त्याची फार लाज वाटते. तरी चिडले आहे.

१४ मार्च

विश्रामगृहाच्या मालकीणबाईंना फोन केला. म्हटलं, "एक माणूस वाढवायचंय. आई येतेय."

"अरे वा, झाल्या का तयार? गेल्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा त्यांना विचारलं होतं, एकाच माणसाची खोली घेतलीय, बरोबर ना? मग म्हणाल्या, 'हो, एकटीच येईल. फार दमलीय पोर. तिला समुद्राकडची खिडकी द्या.'"

पहिल्यापासून माहीत होतं तिला. काकूंना ती थाप मारली, ती शेजारीपाजारी मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.

तरी रोज जिना चढत होती.