समुद्रातली मुलं रडत नाहीत

सोमवार
अखेर नोकरी लागली, लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात! घरात पाऊल टाकताच मी उभ्या उभ्या यांना सगळं ऐकवलं. हे म्हणाले, सभा संपली की चहा टाक. वक्तृत्वाच्या ढालींनी कपाट भरलेल्या बाईशी लग्न केलं, आता भोगा म्हणावं.

दवाखाना छान आहे. पिवळ्या भिंती, बाहेर आईबापांसाठी बाक, आत काचेच्या दारामागे खुर्ची. मुलाच्या डोळ्यांवर जाड काळा चष्मा चढवायचा, कानांवर झाकणं लावायची. आत समुद्र! मान वळवावी तिकडे मासे. मूल एका कासवामागे तरंगत राहतं आणि डॉक्टर आपलं काम उरकतात. चष्मा चढवणं, उतरवणं, पुसणं आणि थुंकी ओढणारी नळी धरणं, हे माझं काम. आज एकही मूल रडलं नाही. मी लहानपणी दातांच्या डॉक्टरचं बोट चावलं होतं.

डॉक्टर प्रेमळ. प्रत्येकाला आधी सांगतात, दुखलं तर हात वर कर, मी लगेच थांबेन.

आमच्या लेकीची, ठकीची दाढ किडली आहे. तिलाही इथेच आणायचं ठरवलंय.

बुधवार
चष्म्याच्या कडेला स्पंज आहे, तो चेहऱ्यावर टेकतो. त्याला आंबलेल्या दुधाचा आणि शेंबडाचा वास येतो. बाहेर नावं लिहून घेणाऱ्या माई म्हणाल्या, घाम हो, पोहून पोहून दमतात पोरं. मी स्पंज पिळला. इतकं पाणी निघालं की मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. कोमट, बुळबुळीत. साबणानं तीनदा हात धुतले, तरी वास जाईना.

घाम डोळ्यांतून येतो का हो, माई?

शुक्रवार
आज नळी धरली असताना खुर्चीतल्या मुलीनं हात वर केला. डॉक्टर थांबले नाहीत. मी सांगितलं, तर मान वर न करता म्हणाले, "मासे पकडतेय ती."

मग लक्ष ठेवलं. सगळीच मुलं हात वर करतात. आणि बधिर करायची सुई? ती ट्रेमध्ये कधी नसतेच. विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, जे रडतच नाही त्याला सुई कशाला टोचायची, ताई?

एका मुलाची दाढ निघाली ती हिरडीचा लोंबता तुकडा घेऊनच. नळीत गुलाबी फेस गुडगुडत होता. डॉक्टरांनी त्याच हातमोज्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि बिस्किट खाल्लं.

रडणं हे लहान माणसाचं गाऱ्हाणं असतं. त्याच्याजवळ ना वकील, ना मत, ना मूठ. ते ऐकू येईनासं केलं की आपण म्हणतो, पोर किती शहाणं! असल्या शहाणपणाला आग लागो. यांना हे सगळं सांगितलं. यांचं म्हणणं, दुखलं असतं तर मूल ओरडलं नसतं का?



मंगळवार
यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. जेवणाच्या सुट्टीत दार लोटून मी स्वतः चष्मा चढवला. स्पंज गालांना ओल्या जिभेसारखा चिकटला.

समुद्र. मासे. पकडायला हात पुढे केले, पण तिथे मला हातच नव्हते. तिथे काहीही पकडता येत नाही. मग मुलं हात वर का करतात?

कासव जवळ आलं. त्यानं तोंड उघडलं. आत दुधाचे दात, रांगांवर रांगा, मुळांना अजून हिरडीचे तुकडे चिकटलेले. ते तोंड त्यानं माझ्या तोंडावर ठेवलं. मऊ, थंड. काहीतरी ओढून घेतलं.

मी किंचाळले. आवाज नाही. चष्म्याबाहेरच्या खऱ्या हातानं मांडीला कडकडून चिमटा काढला. दुखलं, पूर्ण दुखलं. फक्त आवाज नाही.

चष्मा ओढला तेव्हा गालाची साल निघाली. तशीच डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले, तोंड उघडलं—

बुधवार
अजून आवाज नाही. यांना लिहून दाखवलं. आधी हसले. म्हणाले, घराला तेवढीच शांतता. मग माझा गाल पाहिला आणि हसू मावळलं. कपाळावर हात ठेवला. ताप आहे.

लिहिलं, ठकीला तिथे नेऊ नका. हे म्हणाले, पोर दाढ धरून कळवळतेय, आणि तू मला चष्म्यातलं कासव सांगतेस? गोळी घे, झोप.

गोळी घेतली. डोळे मिटताहेत.

गुरुवार
गोळी घ्यायला नको होती. जाग आली तर घर रिकामं. वही घेऊन धावत दवाखान्यात आले.

ठकी आत आहे. दाराला आतून कडी. हे बाकावर, डोळ्यांवर चष्मा. माई म्हणाल्या, आजपासून पालकांनाही देतो, त्यांनाही भीती वाटतेच ना. यांचा चष्मा ओढला. निघत नाही. स्पंजातून पाणी हनुवटीपर्यंत आलंय. हे हसतात तशी ओठांची ठेवण, पण हसत नाहीत.

बाकावरचे सगळेच तसे.

हे पान माईंपुढे धरलं. म्हणाल्या, नंतर वाचते हं.

काचेतून दिसतंय. ठकीचा हात वर. दुसराही. डॉक्टर मान हलवतात, काहीतरी गमतीचं बोलतात. नळी लाल—

स्टूल आपटलं. काच तडकली, फुटत नाही. पुन्हा—

माई मागून येताहेत. हातात चष्मा. काळजीचं बोलताहेत, किती घाबरल्यात या—

हे पान ज्याच्या हाती पडेल त्यानं आधी पोराचा चष्मा ओढून काढा. कातडी निघाली तरी चालेल, पण त्याला एकदा ओर