दहा बोटं आणि एक कठडा

तीर्थरूप दादांना,

दोन्ही हात जोडून (अजून दोन्ही आहेत, बोटं सकाळीच मोजली) नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

वर्कशॉप बंद करताना तुम्ही तो लोखंड कापायचा बँडसॉ प्रेमाने आमच्याकडे पाठवलात. त्याच दिवशी तुमच्या भाचीचा फोन आला, की बाळाला घेऊन रविवारी येते, पिल्लू आता धावायला लागलंय. आमच्या गॅलरीचा कठडा गंजून हलत होता, हे तुम्ही जाणताच. मी छाती पुढे काढून जाहीर केलं, की नवा कठडा घरीच करणार. आणि जुना आधी उपटून भंगारवाल्याला देऊन टाकला (माघार घेता येऊ नये म्हणून, आता खरंच घेता येत नाही). सध्या गॅलरीच्या दाराला जेवणाचं टेबल लावलंय आणि आम्ही ओट्याशी उभ्याने जेवतो.

मशीन मधल्या खोलीत मांडलं. पातं म्हणजे दातेरी पट्टीचं मोठं कडं, वेटोळं करून तारेने बांधलेलं. तार सावकाश सोडा, असं तुम्ही बजावलं होतंत. मी सावकाशच सोडली हो! पण ते फणकन उसळून थेट अंगावर आलं, आणि मी सोफ्यामागे. तुमची बहीण म्हणाली, "अहो, निर्जीव वस्तू आहे ती." मग निर्जीव वस्तूला इतके दात कशाला? कसंबसं ते दोन चाकांवर चढवलं, कठड्यासाठी आणलेला पाइप शिकंज्यात आवळला आणि बटण दाबलं. दादा, काय ती किंकाळी! धूर निघाला, पाइप तापून काळानिळा पडला, आणि कापला गेला म्हणाल तर केसभरही नाही. तेव्हापासून प्लग काढून ठेवलाय, तरी त्या खोलीतून मी भिंतीला चिकटून जातो. आणि डोळे मिटले की मोकळ्या गॅलरीकडे दुडुदुडु धावणारी पावलं दिसतात. तेव्हा जो घाम फुटतो, तो मशीनच्या भीतीचा नव्हे.

वहिनींना नमस्कार सांगा.

आपला, तूर्त अखंड असलेला,
मेहुणा

ता. क. : पत्राचं मूळ कारण राहिलंच. शनिवारी या. सहज आल्यासारखे या, पाइप कापून द्या आणि "मलाच लागतंय" म्हणून मशीन घेऊन जा. मी घाबरलोय हे हिला कळता कामा नये.

ता. क. २ : दादा, मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पातं उसळलं तेव्हा आतलं बाहेर होऊन उलटं झालं होतं, दातांची तोंडं मागे वळली होती, आणि यांनी ते तसंच चढवलं. हे कानात कापूस घालून पत्र लिहीत बसले, तोवर मी ते सुलटं करून सगळे पाइप कापले. छान चालतं रे! तू येऊ नकोस, गुडघा जप.

ता. क. ३ : चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितोय. दादा, याच! कापलेले पाइप आता जोडायचे आहेत, आणि ही दुकानदाराला फोनवर विचारतेय, घरी वापरायचं वेल्डिंग मशीन मिळेल का. शनिवारची वाट पाहू नका.