विहिरीचा ठराव आणि तुझे कान

आई, तुला लिहिता येत होतं ते फक्त तुझं नाव. बाकी सगळं वाचून दाखवायला मी होते. आज मी लिहितेय तर ते ऐकायला तू नाहीस, म्हणून घाई करत नाही.

पंचायतीत दोन बायका घ्यायच्याच असा कायदा आला, तेव्हा सरपंचकाकांनी तुझं नाव घातलं. ते बाबांचे चुलतभाऊ, आणि बाबा मुंबईला गोदीत. तू गप्प राहशील अशीच त्यांची समजूत असणार. सभेचं बोलावणं तुला कधी आलं नाही. सभा चावडीत व्हायची आणि सभेची वही दुसऱ्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात यायची. शिपाई खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभा राहून हाक मारायचा, "काकी, सही व्हयी." दुसऱ्या सदस्यबाई चुलीपुढून न उठता सही करून वही परत द्यायच्या. तू मात्र पहिल्याच वेळी बांगडे साफ करायचे थांबलीस, हात दोनदा धुतलेस, पदराला पुसलेस आणि मला म्हणालीस, "वाच गो. माझा नाव घालूचा तर कित्याक घालतंय ता माका कळाक व्हया." शिपाई पायरीवर बसून जांभया देत राहिला. प्रौढांच्या वर्गात शिकलेली ती पाच अक्षरं उमटवायला तुला एक भाकरी भाजून होईल एवढा वेळ लागायचा. अक्षर बिघडलं तर तुझा दिवस जायचा.

मी सातवीत होते. पुढची शाळा गावात नव्हती. मालवणला हायस्कूल होतं आणि राहायची सोय काकांच्या बहिणीकडे होईल अशी बोलणी होती, पण काकांनी अजून हो म्हटलं नव्हतं. मला जायचंच होतं. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. एक दिवस शिपायाने वही माझ्या हातात देताना मला माडाखाली थांबवलं. म्हणाला, "काकांनी सांगल्यानी, तिसरो ठराव वाचू नको. वाचलंस तर तुझी आवस सही करूची नाय. मालवणाचा काम त्यांच्याच हातात आसा, कळता मा?"

तिसऱ्या ठरावात लिहिलं होतं की गावच्या सार्वजनिक विहिरीवर सर्व जातींचे लोक पाणी भरतात, कोणासही मज्जाव नाही. तालुक्याला तसं कळवायचं होतं. खरं काय ते आपल्या खळ्यातूनही दिसायचं. पलीकडच्या वाडीतल्या बायकांना, त्यांची जात गावाला चालत नव्हती म्हणून, रहाटाला हात लावता येत नसे. कळश्या घेऊन त्या कातळावर बसून राहायच्या. आपल्यापैकी कुणी वरून पाणी घालील तेव्हा त्यांना पाणी. तू घालायचीस, आणि घालताना दर वेळी पुटपुटायचीस, "ही काय रीत झाली?"

मी पाणंदीचा ठराव वाचला, शाळेच्या कौलांचा वाचला आणि तिथून थेट कोंडवाड्यावर उडी मारली. "सगळा वाचलंस?" तू विचारलंस. मी हो म्हटलं. तू सही केलीस, आणि त्या दिवशी ती फार छान आली होती.

पंधरा ऑगस्टला तालुक्याहून साहेब आले. झेंडावंदनानंतर त्यांनी तो ठराव भाषणात वाचला, सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट. टाळ्याही झाल्या. तू शेतात तण बेणत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या वाडीतली एक बाई आपल्या खळ्याच्या कडेला येऊन उभी आहे, काखेत रिकामी कळशी. म्हणते, "काकी, तुमी सही केलास म्हणान सायबान वाचल्यान. मगे आमी रहाटाक हात लावंदे?"

"मी असली सही करूक नाय," तू म्हणालीस.

"नाव तुमचाच वाचल्यान. आमी सगळ्यांनी आयकला."

तू माझ्याकडे बघितलंस. माझ्या हातात केरसुणी होती, मी केर काढायला लागले. तू तिला म्हणालीस, "पोरीन वाचला आसतला. माझ्याच कानार पडूक नाय." मग घरात जाऊन कळशी घेऊन आलीस. "सही माझी आसा. ती खोटी कशी रवात? चल."

मी तुमच्या मागून गेले. विहिरीवर सरपंचकाकू होत्या. त्या ओरडल्या, "गो, खुळावलंस काय?" तू आवाज न चढवता म्हणालीस, "भावोजींनी लिवल्यानी, मी सही केलंय. वही तुमच्याच घरात आसा, वाचून बघा." आणि रहाटाचा दोर त्या बाईच्या हातात दिलास. तिने पहिली कळशी स्वतः भरली.

विहीर त्या दिवशी सर्वांना खुली झाली असं लिहिलं तर तो आणखी एक खोटा ठराव होईल. पुढे चार-पाच जणी यायच्या, त्याही तू तिथे उभी असलीस तर. आपल्या वाडीत दोन घरांनी स्वतःच्या विहिरी खणल्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तुला दोन वर्षं बोलावणं नव्हतं. काका तुझ्यावर चिडले, पण माझ्या बाबतीत त्यांनी शब्द पाळला. मी मालवणला गेले, शिकले, तालुक्याच्या कचेरीत नोकरीला लागले.

आणि तू त्या दिवसापासून सगळं दोनदा वाचून घ्यायला लागलीस. पंचायतीची वहीच नव्हे, बाबांची पत्रंसुद्धा. "परत वाच गो, माझे कान बरे नाय." पगार सुरू झाल्यावर मी तुला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, कान उत्तम आहेत. परतीला कसालला एसटीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा तू म्हणालीस, "डॉक्टरक काय कळता? विहिरीचो ठराव माका आयकाक इलो नाय, तो इलोच नाय." तेव्हा खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात गाडी आली, आणि मी तुला खिडकीची जागा धरून दिली. त्यानंतर तू बरीच वर्षं होतीस, म्हणजे वेळ मिळाला नाही असंही म्हणता येत नाही.

आता निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी काही गावांत वही अजून सहीसाठी घरीच जाते. नोकरीत असेपर्यंत मी सदस्यबाईंना प्रत्येक ठराव दोनदा वाचून दाखवत असे. कचेरीत मला शिस्तीची बाई म्हणायचे, आणि मी म्हणू देत होते.

आई, तुझ्या कानांना काही झालं नव्हतं. मी ते वाचलंच नव्हतं.