हिरव्या पट्ट्याच्या मेंढ्या

आबा,

काल दुपारी सोलापुरात भवानी पेठेत काकांकडं जेवायला बसलो होतो आणि काकांनी शेळ्यांचा विषय काढला. त्यांच्या नातीला शिकायला अमेरिकेला जायचंय. प्रवेश मिळालाय, इंग्रजीची परीक्षा झालीय, आता व्हिसा तेवढा राहिलाय. मुलाखतीत काय विचारतात ते पोरगी माझ्याकडून काढून घेत होती, तेवढ्यात काका भाकरी चुरता चुरता म्हणाले, "ते समदं ऱ्हाऊ दे गं. आदी चार शेरडं घिऊ, तुज्या नावावर करू. तुज्या ह्या आत्याचं असंच जमलं की." पोरगी हसली आणि माझ्याकडं बघायला लागली. आजोबा थट्टा करतायत की खरं सांगतायत, हे तिला माझ्या तोंडून हवं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. मी अमेरिकेतून सुट्टीला सोलापूरला येते, चार दिवस राहते, परत जाते. तुमच्या मेंढ्यांची गोष्ट या घरात अजून सांगितली जात असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुण्यातलं ते ऑफिस तुम्हाला आठवतं का? व्हिसाची कामं करून देणाऱ्या सरांचं, चौथ्या मजल्यावरचं. लिफ्टमध्ये शिरताना तुम्ही चपला बाहेर काढल्या होत्या आणि कुणी बघायच्या आत मी त्या पायानं आत ओढून घेतल्या होत्या. सरांनी काय काय लागतं ते सांगितलं. कॉलेजचं पत्र, भाषेची परीक्षा, फी कुठून भरणार त्याचा पुरावा. कर्जाचं बोलणं आधीच झालं होतं, म्हणून तुम्ही शहाण्यासारखी मान डोलावत होतात. मग ते म्हणाले, "आणि शिकून झाल्यावर ही परत येणार, याची तिथल्या साहेबांना खात्री पटली पाहिजे. इथं हिचं असं काहीतरी पाहिजे, ज्याच्यासाठी ती परत येईल." तुम्ही लगेच म्हणालात, "मी हाय की." सर हसले. "तुम्ही आहातच हो. पण दाखवता येईल असं काहीतरी. घर, जागा, धंदा." आई गेल्यापासून घरात आपण दोघंच होतो आणि घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. सरांबरोबर मीही हसले होते, आबा. ते तुम्ही पाहिलं नाहीत, असं मी आजवर धरून चालले आहे.

परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत तुम्ही बोटांवर काहीतरी मोजत होतात. तिथं तुम्हाला उतरून सांगोल्याची गाडी धरायची होती. मी कॉलेजसाठी काकांकडं राहायचे, म्हणून पुढं सोलापूरला जाणार होते. फलाटावरून खिडकीचे गज धरून तुम्ही म्हणालात, "निम्मी मेंढरं तुज्या नावावर करतो. मंग तर झालं?" गाडी हलली होती आणि समोरच्या बाकावरची बाई कान देऊन ऐकत होती, म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं. मला वाटलं, गावाकडं पोचेपर्यंत तुम्ही विसराल. पण तुम्ही कसले विसरताय. थोड्याच दिवसांत तुम्ही काकांच्या दारात उभे, खांद्यावर घोंगडं आणि हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत ग्रामपंचायतीचा दाखला, खाली गोल शिक्का. सदर मेंढ्या या मुलीच्या मालकीच्या आहेत, असं त्यात लिहिलेलं. दाखल्यासाठी तुम्ही किती खेटे घातले ते काकांनीच मला नंतर सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुज्या मेंढरांच्या पाठीवर हिरवा पट्टा वढलाय, वळखायला. पासपोर्टावानी निळा पायजे हुता, पर दुकानात न्हवता." सगळे हसले आणि तुम्हीही हसलात.

मुंबईला मुलाखतीच्या सकाळी रांगेत माझ्या पुढं एक मुलगी होती. तिच्या फाईलीत फ्लॅटचे कागद होते, वडिलांच्या कारखान्याचे रंगीत फोटो होते. तिनं अगदी सहज विचारलं, "तू काय दाखवणार?" मी काहीतरी पुटपुटले. मग ती पुढं सरकल्यावर तुमचा दाखला फाईलीतून काढला, घड्या घालून लहान केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. वर कुणाची तरी केळीची साल होती, ती त्याच्यावर ओढली. आत गेल्यावर खिडकीपलीकडच्या साहेबानं फाईल उघडायलाही लावली नाही. दाखला राहिला असता तरी कुणी पाहिला नसता, हे मला अजून सोसत नाही. साहेबानं विचारलं, वडील काय करतात? मी इंग्रजीत म्हणाले, लाइव्हस्टॉकचा बिझनेस आहे. शिकून झाल्यावर काय करणार? परत येऊन वडिलांचा बिझनेस वाढवणार, त्याला जोडून जनावरांच्या औषधांचं काम सुरू करणार. इतकं सफाईनं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. व्हिसा मंजूर झाला की पासपोर्ट ठेवून घेतात; त्यानं माझा ठेवून घेतला. म्हणजे शेवटी तुमच्या मेंढ्यांनीच मला पार केलं, फक्त मी त्यांना मेंढ्या म्हटलं नाही.

संध्याकाळी तुमचा फोन आला. "कागद दावला?" मी म्हटलं, दाखवला. "काय म्हनला सायब?" मी म्हटलं, चांगल्या आहेत म्हणाला. तुम्ही म्हणालात, "म्हननारच की. वाण चांगलं हाय."

त्यानंतर दर रविवारी फोनवर आधी माझ्या मेंढ्यांची खबर यायची, मग तुमची. कोणती व्याली, कोणतं कोकरू लंगडतंय, पट्टा पुसट झाला म्हणून पुन्हा ओढला. मी कानाला फोन लावून भांडी घासायचे आणि हूं हूं करायचे. शिक्षण संपलं, नोकरी लागली, व्हिसाही वेगळा झाला. परत येण्याचं बोलणं मी आधी एका वर्षावर ढकललं, मग नुसतंच ढकललं. मग तो दुष्काळ पडला. गावात लोकांनी मेंढरांची खांडंच्या खांडं विकून टाकली आणि काकांनी मला फोन करून सांगितलं की आबांचा गुडघा सुजलाय, चाऱ्यासाठी लांब लांब चालतात, तू तरी सांग विकायला. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही माझ्यावरच चिडलात. "इकून कसं चालंल? त्येंच्यावरच तर तुजं तितं ऱ्हानं हाय. उद्या सायबानं इचारलं तर काय दावशील?" तेव्हा मला कळलं की तुम्ही ती अट अजून सांभाळताय. मेंढ्या गेल्या की पोरीला हाकलून देतील, अशी तुमची खरीच समजूत होती.

एका वाक्यात तुमचा जीव मोकळा झाला असता, आबा. "त्या मेंढ्यांचा आणि व्हिसाचा काही संबंध नाही." बस. पण ते म्हटलं की तुम्ही विचारणार, मग सायब काय म्हनला हुता? आणि मग तो दाखला, ती केळीची साल, सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून मी म्हणाले, "बरं, जपून चाला." जनाची नाही तर मनाची तरी लाज धरावी म्हणतात. माझं उलटं झालं. जनाची एवढी धरली की मनाची धरायला जागाच उरली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. बाभळीखाली बसलेले सापडलात, मेंढ्या भोवतीच चरत होत्या, असं काका म्हणाले. मी आले नाही. माझे कागद तेव्हा मधल्या अवस्थेत होते, देश सोडला तर परत आत येताना अडवतील अशी भीती होती, आणि ती खोटी नव्हती. पण खरी असून तरी काय. पोरीचा व्हिसा राहावा म्हणून तुम्ही चालत राहिलात आणि तोच व्हिसा राहावा म्हणून पोरगी तुमच्या मातीला आली नाही. तेराव्यानंतर काकांचा फोन आला. त्यांनी फार चाचरत विचारलं, "मेंढरं आमच्यानं हुत न्हाईत गं. इकू का? तुज्या व्हिसाला काय व्हनार न्हाय न्हवं?" तेव्हा तरी खरं बोलायचं की नाही? तुम्ही गेला होतात, आता कुणाला लपवायचं होतं? आणि मी काकांना म्हणाले, "साहेबाला विचारून सांगते." दोन दिवस थांबले. मग फोन करून कळवलं, परवानगी मिळाली.

तर काल पोरगी माझ्याकडं बघत होती. तिला मी नीट समजावलं. खरं तेच सांग, विचारतील तेवढंच बोल, वडील काय करतात ते आहे तसं सांग. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण आत्या, तुझ्या वेळी त्या साहेबानं खरंच मेंढ्यांचा कागद बघितला होता?" काका हात धुवायला उठले होते, ते तांब्या हातात धरून तसेच थांबले. त्यांचा चेहरा हल्ली तुमच्यासारखा दिसायला लागलाय. मी म्हटलं, "बघितला की. चांगल्या आहेत म्हणाला."

काका उद्या शेरडं आणायला सांगोल्याच्या बाजाराला जाणार आहेत. पट्टा कुठल्या रंगाचा ओढायचा, ते मला विचारत होते. मी निळा सांगितलाय.