एका पानात मावेना म्हणून

३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या छापखान्यात तुमच्या मंडळाचं पुस्तक आलंय, चष्मेवाल्या गुरुजींची प्रवचनं. मुद्रितं तपासायला माझ्याच टेबलावर आहेत. ताडून पाहायला तू त्यांच्यासमोर बसून उतरवलेली वहीही आली आहे. मामा, वहीत गुरुजी जवळपास प्रत्येक वाक्याला ‘असं मला आज वाटतं’ हे शब्द जोडतात. पुस्तकात ते शब्द एकदाही नाहीत! छापलंय, देव आतच आहे. वहीत आहे, देव आत आहे असं मला आज वाटतं, गेल्या आठवड्यात बाहेर वाटत होता. आपल्या चष्म्याच्या दुकानात भिंगं बदलून बघावीत तसेच बोलायचे का रे ते?

आईने सभेत हेच तर म्हटलं होतं, की गुरुजी आधी देव बाहेर आहे म्हणायचे. त्यावरून तिला मंडळातून काढलं, आणि त्या पत्रावर तुझी सही होती. अकरा वर्षं झाली. वीस तारखेला पुस्तक छपाईला जाईल. हे शब्द कुणी गाळले? हवं तर रागाव, पण उत्तर पाठव.

तुझी आगाऊ भाची,
बिट्टी

७ मार्च

चि. बिट्टी हिस,
अनेक आशीर्वाद.

मीच गाळले. सायक्लोस्टाइलवर एकच पान काढायची सोय होती आणि प्रवचन मावेना. तेच तेच शब्द कशाला, म्हणून टाइप करताना उडवले. गुरुजींनी पान वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, की हे कोण गृहस्थ बोलतायत, फारच ठाम दिसतात. मला थट्टा वाटली. पुढे ते गेले, पानं उरली. मंडळींनी ती पाठ केली, सभागृहात कोरली, आणि मीही त्यांच्याच जोरावर ताईला खोटं पाडलं. स्वतःची वही उघडायचं सुचलंसुद्धा नाही. फार लाज वाटते गं.

सगळे शब्द परत घाल. चूक माझी, असं प्रस्तावनेत छापा म्हणून मंडळाला कळवलंय. आता मलाही काढतील बहुतेक. रविवारी ताईची माफी मागायला येऊ का, एवढं विचार. तिने दार लावलं तरी तिचं काही चुकणार नाही.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून,
मामा

१२ मार्च

ती. मामास,
शि. सा. न.

दोनशे सात ठिकाणी शब्द परत घातले. पानं वाढली म्हणून व्यवस्थापक डोक्याला हात लावून बसलेत. मंडळ छापू देईल की नाही, अजून कळत नाही.

तुझं पत्र आईने दोनदा वाचलं. एरवी तुझा विषय निघाला की ती उठून कामाला लागायची. आज बसून राहिली. मग तिने विचारलं, की मामाचे गुडघे आता तीन जिने चढू देतात का, की आपणच खाली उतरायचं. काय सांगू तिला?

लोभ आहेच, उत्तराची घाई कर.
बिट्टी