शेगडीत अडकलेला साबण

ता. १४, गुरुवार

थोरल्या जाऊबाईंना,

धाकटीचा नमस्कार. मायना-बियना मला येत नाही, चौथीतच शाळा सुटली ते तुम्हाला माहीत आहे. फोन केला असता, पण बोलायला लागले की मी भांडते. कागदावर निदान शांत राहता येतं.

आम्ही दोघं बरे आहोत. खोल्या दोनच, पण तळमजला आहे आणि आतल्या खोलीत ऊन येतं. ह्यांचा कारखाना चालत जाण्यासारखा. तुमचा गुडघा कसा आहे? जिना सारखा चढू-उतरू नका. ऐकणार नाही हे माहीत असून लिहिते.

आता शेगडीचं. तुम्ही माळ्यावरून काढून दिली ती. सोमवारी सिलिंडर जोडला, बटण फिरवलं, लायटर मारला, काही नाही. डावा बर्नर एकदा फुस्स करून गप्प, उजवा तर मुकाच. लायटर ठेवला, काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळत आली, शेगडी ढिम्म. रेग्युलेटर काढून पुन्हा खट् वाजेपर्यंत दाबला. नळी दुमडली का बघितलं. फेस लावून बघितलं, गळत कुठेच नव्हतं.

हे खाटेवर बसून म्हणतात, “तुझ्या आवाजाला घाबरून पेटत नसेल.”

म्हटलं, “तुम्ही तीस वर्षांत घाबरला नाहीत, ती कशाला घाबरेल?”

“मिस्त्रीला बोलवू?”

“तो आत आला तर मी बाहेर. चूल माझी आहे.”

तीन दिवस बाहेरचा चहा आणि पाव. आणि मी एक केलं, ते दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. शेजारणीला म्हटलं, जावेनं मुद्दाम बिघडलेली शेगडी गळ्यात मारली. दारात उभी राहून, मोठ्यानं.

काल शेगडी पेटेना म्हणून मीच हट्टाला पेटले. सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली, शेगडी उपडी घातली. मागच्या पायाला दोऱ्यानं भोकं साफ करायची पिन बांधलेली. जुन्या स्टोव्हलाही तुम्ही अशीच बांधायचात, ऐन वेळी सापडत नाही म्हणून. गाठही तुमचीच, दातानं सोडवावी लागली. बर्नरखालच्या गॅसच्या बारीक तोंडात पिन घातली तर पांढरा भुगा पडला. वाळलेला साबण.

साबण माझा. शेगडी आणली त्याच दिवशी टबात बुडवून, पावडर टाकून तीनदा घासली होती. मुळात स्वच्छच होती. तुमचा हात लागलेला मला नको होता.

दोन्ही तोंडं मोकळी केली, फडक्यानं पुसली, काडी लावली. आधी पिवळी, मग निळी. हे म्हणाले, “लागली एकदाची.” चहा केला. माझा कपही ह्यांच्यापुढे सरकवला.

जाऊबाई, लोक म्हणतात धाकटी रागानं वेगळी चूल मांडून गेली. म्हणू देत. राग नव्हता. मोठे भावजी जाऊन महिना झाला नव्हता, आणि भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मी तुम्हाला म्हटलं, आता या घरात तुमचं आहे तरी कोण. तुम्ही रात्री रोजच्यासारखं माझं ताट वाढलंत. भांडला असतात तर मी राहिले असते. रोज दोन्ही वेळेला ते ताट समोर येई आणि घास फिरत राही. म्हणून खोली बघितली, आणि तुम्हाला खरंच एकटं टाकून आले. ह्यांनाही यातलं काही ठाऊक नाही. आज सांगणार आहे.

मी तिकडे परत येणार नाही. त्या स्वयंपाकघरात मला माझंच वाक्य ऐकू येतं. तुम्ही यायचं. रविवारी हे रिक्षा घेऊन येतील. आतली खोली झाडून खाट टाकलीय. चार दिवस राहा, नाहीतर कायमच्या राहा. नाही आलात तर पुढच्या रविवारी पुन्हा रिक्षा येईल, आणि त्याच्या पुढच्याही. शेजारणीला मी सकाळीच जाऊन खरं काय ते सांगितलंय, तीही वाट बघतेय.

माफी मी आजवर कुणाची मागितलेली नाही. तुमची मागते. इथे लिहून भागणार नाही, तोंडावर मागेन. तेव्हा उठून जाऊ नका.

तीस वर्षं तुमच्या हातचं खाल्लेली,
धाकटी