बारदान वजा जाता

आबा,

परवा दुपारी मी टीव्हीसमोर उभा राहून असा काही ओरडलो, की सून हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर पळत आली. तिला वाटलं म्हातारा पडला. मी कुठला पडतोय! परदेशात सगळ्या देशांची मोठी मैदानी स्पर्धा चालली होती, पुरुषांची हातोडाफेक सुरू होती, आणि त्या रिंगणात आपल्या ताडकळसचा पोरगा उभा होता. माझ्या हाताखाली शिकलेला. शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, पण हा माझा पिच्छा सोडायला तयार नव्हता, रोज सकाळची पहिली एसटी धरून सेलूला यायचा. तर त्याच्या पहिल्या दोन फेकी बाद झाल्या होत्या. एक जाळीत गेली, दुसरीला पाय रिंगणाबाहेर पडला. तिसरीही बाद झाली की खेळ खलास, सरळ घरचा रस्ता. मी ओरडत होतो, "एक गिरकी कमी घे लेका, एक कमी घे!" सून म्हणाली, "मामा, खाली बसा, त्याला काय ऐकू जायलंय का?" नाही जात, हे मलाही कळतं. त्या तिसऱ्या फेकीचं काय झालं ते सांगतो, पण आधी आपलं सांगितल्याशिवाय ते सांगता येत नाही. तुम्हाला पत्र लिहायला बसायला मला एवढी वर्षं लागली, आता थोडा दम धरा.

तुम्हाला आठवतं का, लढाई संपली आणि आणखी दोन वर्षांनी विलायतेत पुन्हा जगाचे खेळ होणार अशी बातमी आली, ते साल? निजामाचं राज्य होतं. तुम्ही सेलूच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या कारखान्यात, काटेदार, मी तिथंच रुईच्या गाठी उचलणारा वीस वर्षांचा गडी. शाळेतले जुने ड्रिल मास्तर एक दिवस फाटकाशी येऊन उभे राहिले आणि मला गाठ उचलून फिरताना बघून म्हणाले, "हा फिरतो कसा बघा, पाय अजिबात सरकत नाही." त्यांनीच हातोडाफेक म्हणजे काय ते आपल्याला सांगितलं. नाव हातोडा, पण हातोडा नव्हेच. लोखंडाचा गोळा, त्याला साखळी, साखळीला मूठ, आणि सात फुटांच्या रिंगणात स्वतःभोवती फिरत तो सोडून द्यायचा. वजन सोळा पौंड. दोन हिवाळ्यांनी हैद्राबादेत निवड होती. तिथं निघाला तर पुढं सगळ्या हिंदुस्थानची निवड, आणि तिथं निघाला तर बोटीत बसून विलायत. आई म्हणाली, "गोळा फेकायला विलायतेत जायाचं? हितं काय जागा न्हाई?" तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही विचारलं, "सोळा पौंड ना? मी करून देतो."

जिनिंगच्या लोहाराकडून यंत्राच्या जुन्या लोखंडी लाटेचा, म्हणजे दांड्याचा, तुकडा घेऊन तुम्ही गोळा घडवून घेतलात. आठ दिवस तो कानस चालवत होता आणि तुम्ही रोज दुपारी गोळा काट्यावर चढवत होता. अजून मला तुम्ही दिसता, एक डोळा बारीक करून काट्याच्या जिभेकडे बघताय, टोपी मागं सरकलेली, मिशीत रुईचे तंतू. गाठींसाठी पौंडाची वजनं जिनिंगमध्ये होतीच. एका पारड्यात सोळा पौंड, दुसऱ्यात गोळा. लोहारानं साखळी आणि मूठही पारड्यात टाकली, तर तुम्ही ती उचलून खाली ठेवलीत. "ती कामून टाकायलास? ती बारदानात गेली." बरोबरच होतं तुमचं! उभी हयात तुम्ही तेच केलं होतं. कापसाचं वजन करायचं तर पोतं, दोरी, सुतळी सगळं वजा करायचं. पोत्याचं वजन कापसात धरलं तर शेतकरी बुडतो, कमी धरलं तर व्यापारी. तुमच्या काट्यावर दोघांचाही भरवसा होता. गाडीवाले म्हणायचे, काटेदाराचा काटा चुकंल, पण हात चुकायचा न्हाई. कारण तुम्ही पोतं नुसतं हातानं उचलून सांगायचात, आणि मग काटाही तेच सांगायचा.

दोन हिवाळे मी तो गोळा फिरवला. जिनिंगच्या मागच्या पडीत रानात रिंगण आखलं होतं. सुरुवातीला गोळा मलाच ओढत न्यायचा, दोनदा बाभळीत जाऊन पडलो, काटे काढायला आई बसलेली आणि शिव्या तुम्हाला. हळूहळू जमायला लागलं. ड्रिल मास्तर पावलांनी अंतर मोजायचे आणि मान हलवायचे. ते म्हणायचे, "ताकद आहे, पण लांब का जात नाही?" तेच मलाही कळेना. मग एक दिवस जेवताना मी तुम्हाला म्हणालो, "आबा, गोळा जड लागायलाय. एकदा सगळा मिळून तोलून बघा ना." तुम्ही भाकरी ठेच्यात बुडवत होता. तुमचा हात थांबला. "माझ्या काट्यावर शक घेतोस?" आणि त्याच हातानं फाडकन माझ्या तोंडात वाजवलीत. गालाला ठेचा लागला, डोळ्यात गेला, आणि मी विहिरीवर जाऊन तासभर डोळे धूत बसलो. आई म्हणाली, "पोरगं जेवायलंय, आन तुमी..." तुम्ही ताट तसंच सारून उठलात. विशीतल्या बाप्याला बापानं मारलं, ते मी विसरलो नाही. खोटं कशाला बोलू?

हैद्राबादला आपण दोघंच गेलो. रात्रभर गाडीत तुम्ही गोळा पायाशी धरून बसला होता, आणि उतरल्यावर मैदानावर कळलं की आपला गोळा चालत नाही, सगळ्यांनी त्यांचाच फेकायचा. तुमचं तोंड उतरलं. मी म्हणालो, असू द्या आबा. माझी पाळी आली. गोळा उचलला तर तो हातात हलकाच आला, आणि मी आपल्या सवयीनं पूर्ण जोर लावून तीन गिरक्या घेतल्या. दोन हिवाळे माझा गोळा मला मागं खेचायचा. हा खेचेचना. पाय पुढं, गोळा कुठल्या कुठं, आणि सुटला तो बाजूच्या दोरीपलीकडे पंचांच्या कनातीत. पंच चहाचा कप टाकून पळाले. मैदान खदखदून हसलं. दुसऱ्या वेळी मी इतका घाबरलो, की फिरता फिरता गुडघ्यावरच बसलो. तीही फेक वाया. आता एकच राहिली होती.

आणि तेवढ्यात तुम्ही दोरीखालून वाकून आत आलात. धोतर, कोट, खांद्यावर उपरणं. कुणी अडवायच्या आत तुम्ही तो गोळा साखळीसकट उचललात, दोनदा खालीवर केलात, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडलात, "ह्यो गोळा कमी हाय! दीड पौंड कमी हाय! पोरांना फसवायलेत!" लष्करातला एक अधिकारी पंच होता. भला माणूस. रागावला नाही. म्हणाला, "बडे मियाँ, कायको चिल्लाते? काटा मंगवाते ना." काटा आणला. त्यानं गोळा, साखळी, मूठ, सगळं एकत्र पारड्यात ठेवलं. दुसरीकडे सोळा पौंड. जीभ बरोबर मधे उभी राहिली. "ज़ंजीर समेत सोला. दुनिया में सब जगह ऐसाच है."

मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही काट्याकडे बघत होता. असा चेहरा मी तुमचा त्याआधी कधी बघितला नव्हता, नंतरही नाही. एकदा तुम्ही साखळीला हात लावलात, जशी काही ती आत्ताच दिसली. मग माझ्याजवळ आलात, लोकांच्या देखत माझा हात हातात घेतलात, आणि म्हणालात, "चूक माझी हाय लेका. बारदान मी वजा केलं. तू सांगितलं व्हतंस, आन मी तुला मारलं." आबा, त्या काळी कोणत्या बापानं पोराची अशी माफी मागितली असेल? मी मान खाली घातली. तुम्हीच सावरलात. "आता आईक. ह्यो हलका हाय. तीन गिरक्या नकोत, दोनच घे. सावकाश. गाठ उचलून कशी वळतोस, तसा वळ." मी दोनच घेतल्या. गोळा सुटला, आणि तो जाताना मला कळलं की तो बराच वेळ खाली येणार नाही. दुसरा नंबर आला. पहिल्या दोघांना पुढं पाठवणार होते. तुम्ही उपरण्यात तोंड खुपसून रडलात आणि मग त्या पंचालाच विचारलंत, "विलायतेत चहा मिळतो का?"

पुढं काय झालं ते तुम्ही बघितलंच. ती दुसरी निवड निजामाच्या सरहद्दीपलीकडे, हिंदुस्थानात होती, आणि तोवर आपल्याकडे रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. गाड्या कधी येतील, येतील का, कुणाला ठाऊक नव्हतं. आईनं मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. विलायतेतले खेळ झाले तेव्हा मी जिनिंगमध्येच होतो, आणि तुम्ही साहेबाच्या बंगल्यावर रेडिओ ऐकायला गेला होता. परत येऊन म्हणालात, "हॉकीचं लय सांगितलं. आपल्या गोळ्याचं एक अक्षर न्हाई." महिन्याभरानं निजामाचं राज्य गेलं. मी पुढं शिकलो, शाळेत खेळाचा मास्तर झालो, आणि तुमचा जड गोळा पोरांच्या हातात दिला. तुम्ही मात्र त्यानंतर प्रत्येक पोतं दोनदा तोलायला लागलात. गाडीवाले हसायचे, पण तुम्ही हातानं वजन सांगणं सोडलंत ते सोडलंत. शेवटच्या आजारपणातही कुणी भेटायला आलं की सांगायचात, "माझ्या बारदानानं पोराची विलायत बुडाली." मी म्हणायचो, नाही आबा, विलायत त्या धुमाकुळात बुडाली. तुम्ही ऐकायचा नाहीत.

आता ती परवाची फेक. पोरानं माझं ऐकलं नसणारच, पण तो रिंगणात गेला, जरा थांबला, खांदे सैल सोडले, आणि चारऐवजी तीनच गिरक्या घेतल्या. सावकाश. गोळा पडला तो बरोबर रेषांच्या आत, आणि पोरगा पहिल्या आठात! शेवटी सहावा आला. जगात सहावा, आबा, ताडकळसचा! मी नाचलो, गुडघ्यांनी शिव्या दिल्या. संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, इथले मोठमोठे गडी मुद्दाम जड गोळ्यानं सराव करतात. मी सांगितलं, आमच्याकडे ही रीत आमच्या सरांच्या वडिलांच्या काळापासून आहे." मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकेना. कारण त्याला मी तुमची गोष्ट शंभरदा सांगितलीय, पण पूर्ण कधी सांगितली नाही.

हे पत्र जायचं कुठं? पेटीत गोळ्याखाली ठेवीन. पण लिहून टाकतो. हैद्राबादला निघायच्या आठ दिवस आधी तुम्ही ताडकळसच्या बाजाराला गेला होता. काट्यावर कुणी नव्हतं. मी गोळा साखळीसकट पारड्यात ठेवला. साडेसतरा भरला. त्याच्या दोन दिवस आधी ड्रिल मास्तरांनी मला नियमही वाचून दाखवला होता, साखळी धरून सोळा. तुम्ही चुकलात हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. गालावरचा ठेचा अजून झोंबत होता, आणि मला वाटलं, एकदा चार लोकांत ह्यांचा काटा चुकू दे. मग तुम्ही चार लोकांत माझा हात धरलात, चूक माझी म्हणालात, आणि मी मान खाली घालून ती तुमच्याकडेच राहू दिली.

उद्या पोरगा परत येतोय. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतो. त्याला गोष्ट सांगेन, ह्या वेळी बारदान धरून.